कालिन्यात धर्म शिकायला जाताना

नोकरी-घर सांभाळून हिंदू, बौद्ध, जैन, शीख आणि जमलं तर चीन-जपानकडच्या धर्मांची शिस्तीत ओळख करून घ्यायची असेल, तर पश्चिम उपनगरातल्या माणसाला फार लांब जायला नको. सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्याच्या पुढे, मुंबई विद्यापीठाचं संकुल आहे. कागदोपत्री त्याचं नाव विद्यानगरी. रिक्षावाल्याला मात्र ‘कालिना युनिव्हर्सिटी’ सांगायचं. सांताक्रूझ किंवा कुर्ला, दोन्ही स्टेशनांवरून जाता येतं. आठवड्यातल्या संध्याकाळी सीएसटी रोडवर बीकेसीची गर्दी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. पहिले वर्ग बहुधा जुलै-ऑगस्टात येतात आणि ही वस्ती मिठी नदीच्या अंगाला सखल आहे. मुसळधार पावसाच्या दिवशी निघण्याआधी वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विचारलेलं बरं.

‘पूर्वेचे धर्म : प्राथमिक ओळख’ असा एकच आखीव अभ्यासक्रम परदेशी विद्यापीठांत पहिल्या वर्षाला सर्रास असतो. आपल्याकडे हा विषय तुकड्यातुकड्यांनी शिकवला जातो, आणि आधी आपला तुकडा निवडावा लागतो. तत्त्वज्ञान विभाग ज्ञानेश्वर भवनात आहे. एम. ए. व्यतिरिक्त तिथे जैनविद्येचे छोटे अभ्यासक्रम चालत आले आहेत. विपश्यना विशोधन विन्यासाच्या सहकार्याने विपश्यनेचा सिद्धांत आणि प्रयोग यांची एक वर्षाची पदविकाही चालत आली आहे. तिला बारावी पास एवढीच अट आणि वर्ग शनिवारी दुपारी, त्यामुळे नोकरदारांना ती सोयीची पडते. पाली विभागात भाषा अक्षरांपासून सुरू होते. संस्कृतचा स्वतंत्र विभाग आहे. मध्य रेल्वेवर राहत असाल तर विद्याविहारच्या सोमैया विद्यापीठातली धर्म अध्ययन संस्थाही पाहा. बौद्ध आणि जैन अभ्यासासाठी ती जुनीजाणती आहे.

यंदा कुठला वर्ग उघडतोय, वेळ तीच आहे का, शुल्क किती, हे दरवर्षी बदलू शकतं. संकेतस्थळावरची सूचना वाचली तरी विभागाच्या कार्यालयात एकदा जाऊन या. तिथे चार गोष्टी विचारून घ्या : शिकवण्याची भाषा कोणती, उत्तरपत्रिका मराठीत चालते का, हजेरीची अट किती, आणि लेखी परीक्षेखेरीज निबंध किंवा प्रकल्प आहे का. मराठी उत्तरांचा प्रश्न पहिल्याच दिवशी सोडवा. वर्ग इंग्रजीत असला तरी मराठीत लिहायची मुभा असेल तर ती अजिबात सोडू नका, कारण या विषयातल्या निम्म्या संज्ञा तुम्हाला जन्मापासून तोंडपाठ आहेत. बारावीची किंवा पदवीची गुणपत्रिका, ओळखपत्र, फोटो हे नेहमीचे कागद लागतातच. दुसऱ्या विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर स्थलांतर प्रमाणपत्राची चौकशी आधी करा. लग्नानंतर नाव बदललं असेल तर त्याचा पुरावा मूळ प्रतीसह न्या.

कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. नव्या शैक्षणिक धोरणामुळे भारतीय ज्ञानपरंपरेचा दोन क्रेडिटचा विषय बहुतेकांच्या वाट्याला येतो. एका क्रेडिटला साधारण १५ तास धरले, तर ३० तासांत तीन हजार वर्षं उरकायची असतात. तिथे नावं आणि चौकट तेवढी हाती लागते. ती घ्या, आणि खरा अभ्यास वेगळा करा.

आता मुख्य मुद्दा. या वर्गात मराठी विद्यार्थ्याची सगळ्यात मोठी अडचण ही, की त्याला बरंच काही आधीच माहीत असतं. सांताक्रूझच्या आसपासच बघा. स्टेशनच्या पूर्वेला श्री योगेंद्रांनी १९१८ साली स्थापन केलेली योग इन्स्टिट्यूट आहे, खारला रामकृष्ण मठ आहे, जुहूला इस्कॉनचं मंदिर आहे, गल्लोगल्ली देरासरं आणि बुद्धविहार आहेत. या प्रत्येक ठिकाणी कसं बसायचं, काय म्हणायचं, काय खायचं हे शिकवलं जातं, आणि ते शिकवणाऱ्याला तसा अधिकारही असतो. विद्यापीठाच्या वर्गात विचारलं जातं ते हे, की असं नेमकं कोण म्हणतं, केव्हापासून म्हणतं, आणि कशावरून. घरच्या देव्हाऱ्यापुढे हा प्रश्न उद्धटपणाचा वाटला असता. इथे तो रोजचा आहे. दोन जागांचे दोन शिष्टाचार आहेत एवढं धरून चाललं, की निम्मा ताण जातो. श्रद्धा दाराबाहेर ठेवून या असं कोणी सांगितलं तर माझ्या मते ते चूक आहे. श्रद्धा असू द्या, फक्त तिला पुरावा म्हणून उत्तरपत्रिकेत आणू नका.

म्हणून वही घेताना पहिल्या आठवड्यापासून एक सवय लावा. ‘जैन असं मानतात’ हे वाक्य लिहिलं, की शेजारी लिहा : कोणते जैन? श्वेतांबर मूर्तिपूजक ४५ आगम मानतात, स्थानकवासी ३२ मानतात. दिगंबरांच्या मते मूळ आगम लुप्त झाले, म्हणून ते षट्खंडागमासारख्या ग्रंथांकडे जातात. तत्त्वार्थसूत्र मात्र श्वेतांबर-दिगंबर दोघांनाही मान्य, आणि म्हणूनच प्राथमिक अभ्यासक्रमात तेच नेमलं जातं. ही एवढी नोंद केली की पुढचे अर्धे घोटाळे टळतात. कर्माच्या बाबतीतही तेच. जैन दर्शनात कर्म हे जीवाला चिकटणारं सूक्ष्म पुद्गल, म्हणजे चक्क द्रव्य आहे. बौद्ध ग्रंथात भर चेतनेवर, म्हणजे करण्यामागच्या हेतूवर आहे. ‘करावे तसे भरावे’ एवढ्या घरगुती अर्थाने दोन्ही प्रश्नांची उत्तरं लिहिणाऱ्याला दोन्हीकडे गुण कमी पडतात.

बौद्ध धर्माच्या बाबतीत मुंबईच्या विद्यार्थ्याला जे मिळतं ते जगात फार थोड्या ठिकाणी मिळत असेल. एकाच शहरात, लोकलच्या एका पासात, बौद्ध असण्याच्या निदान तीन तऱ्हा बघता येतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दीक्षा घेतली आणि दिली. तिथून आलेला, २२ प्रतिज्ञा घेणारा, समतेच्या बाजूने बुद्ध वाचणारा धम्म वस्तीवस्तीच्या विहारांत आहे. गोराईचा ग्लोबल पगोडा २००९ मध्ये खुला झाला. तिथे सत्यनारायण गोयंकांची परंपरा आहे. ती ब्रह्मदेशातल्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडून आली आणि आपली साधना कुठल्याही संप्रदायाची नाही असं ती आग्रहाने सांगते. वरळीला निप्पोनझान म्योहोजी पंथाचं जपानी मंदिर आहे. निचिदात्सु फुजी या भिक्षूंचा हा पंथ तेराव्या शतकातल्या निचिरेनचा वारसा सांगतो, आणि तिथे ढोलाच्या ठेक्यावर सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप चालतो. तिन्ही ठिकाणी बुद्धाला वंदन होतं. पुनर्जन्माबद्दल, ध्यानाबद्दल, समाजाबद्दल विचाराल तर तीन वेगळी उत्तरं येतील. यातलं ‘खरं’ कुठलं, हा प्रश्न वर्गात विचारू नका. तिघं कोणत्या ग्रंथावर बोट ठेवतात ते विचारा.

याचा सराव एका नेहमीच्या प्रश्नावर करता येतो : गौतमाने घर का सोडलं? आपल्यापैकी बहुतेक जण शाळेच्या पुस्तकातलं लिहितील, की म्हातारा, आजारी, प्रेत आणि संन्यासी पाहिला म्हणून. ही कथा अश्वघोषाच्या बुद्धचरितात सविस्तर येते, म्हणजे बुद्धानंतर काही शतकांनी. धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथ चाळून या कथेवर शंका घेतली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांत झालेल्या भांडणाकडे लक्ष वेधलं. बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच विचारलं, की एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर आजारपण आणि मरण पाहिलंच नसेल, हे पटतं का? त्यांच्या मांडणीतही रोहिणीचा तंटा मध्यभागी येतो. आता उत्तर कसं लिहायचं? तिन्ही मांडण्या त्यांच्या काळासह द्यायच्या, प्रत्येकीचा आधार सांगायचा, आणि शेवटी दोन वाक्यांत तुम्हाला कुठली पटते आणि का, तेही. शाळेतली कथा चुकीची म्हणून खोडायची नाही. तिने चित्रकारांना, शिल्पकारांना दीड-दोन हजार वर्षं विषय पुरवला आहे, हीही तिच्याबद्दलची माहितीच आहे.

कोसंबींचं नाव आलंच आहे तर थोडं थांबतो, कारण या विषयाच्या मराठी विद्यार्थ्याला यांच्यापेक्षा चांगला सोबती मिळणार नाही. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस (जन्म १८७६) बुद्धाबद्दल वाचून झपाटला, घर सोडून नेपाळ, श्रीलंका, ब्रह्मदेश पालथा घालून पाली शिकला. कलकत्त्यातली नोकरी सोडून, सयाजीराव गायकवाडांच्या महिना ५० रुपयांच्या वेतनावर महाराष्ट्रात काम करायला आला. पुढे हार्वर्डला विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी गेला आणि परत येऊन फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवू लागला. त्यांचं ‘निवेदन’ हे आत्मचरित्र आणि ‘भगवान बुद्ध’ हे पुस्तक अभ्यासक्रमात असो-नसो, प्रवेश घेतल्यावर पहिल्या महिन्यात वाचून टाका. पुस्तकी भाषेचा धाक त्यात नाही, आणि शंका कशी घ्यायची हे ते करून दाखवतात.

हिंदू धर्माच्या भागात गीता येणारच. इथेही मराठी वाचकाला घरबसल्या सोय आहे. १२९० मधली ज्ञानेश्वरी, १९१५ चं टिळकांचं गीतारहस्य आणि विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेली गीता प्रवचने. कुठलाही एक अध्याय, समजा तिसरा, तिन्हींत वाचा आणि प्रत्येकाने कशावर जोर दिला ते अर्ध्या पानात मांडा. असा निबंध सुचवलात तर शिक्षक नाही म्हणणार नाहीत. इंग्रजी अनुवाद पाहिजे असेल तर काशिनाथ त्रिंबक तेलंगांचा बघा. मॅक्स म्युलरने संपादित केलेल्या ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ या ५० खंडांच्या मालेतला आठवा खंड त्यांचा आहे, साल १८८२. हेच तेलंग मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू. ‘पूर्वेचे धर्म’ ही टोपली मुळात अशा मालांमधूनच विणली गेली. त्या मालेत अवेस्ता होता, कुराणही होतं. आजच्या प्राथमिक अभ्यासक्रमांतून पारशी आणि इस्लाम बहुधा वगळलेले दिसतात. टोपलीत काय घ्यायचं हे कोण ठरवतं, हा प्रश्न पहिल्याच तासाला विचारण्यासारखा आहे.

सनावळ्यांबद्दल एक इशारा. बुद्धाच्या परिनिर्वाणाचं साल पुस्तकागणिक बदलतं. थेरवादी परंपरा इ. स. पूर्व ५४४ च्या आसपास धरते, जुने इतिहासकार ४८३ च्या आसपास, आणि अलीकडचे बरेच अभ्यासक त्याहूनही ऐंशी-नव्वद वर्षं पुढे आणतात. महावीरांचं ५२७ हे परंपरेचं साल आहे. पाठ करायचं असेल ते करा, पण साल कुणाचं ते सोबत लिहा.

चीन आणि जपान हा आपला खरा कच्चा भाग. इथे ओळखीचा आधार नसतो, त्यामुळे गंमत म्हणजे गोंधळही कमी होतो. कन्फ्यूशियसची वचनं शिष्यांनी संकलित केलेली आहेत. ‘दाओ द जिंग’ हा ८१ छोट्या प्रकरणांचा ग्रंथ एका बैठकीत वाचून होतो. जपानचा ‘कोजिकी’ हा पुराणकथांचा ग्रंथ ७१२ सालचा. बौद्ध विचार चीनमध्ये पोचायला सुरुवात झाली इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास. कुमारजीवासारख्या अनुवादकांनी त्याला चिनी भाषेत घर करून दिलं. सातव्या शतकात ह्युएन त्संग पुलकेशीच्या राज्यात, म्हणजे आपल्याकडेही, येऊन गेला. हा धागा पकडला की नकाशा लक्षात राहतो. वर्गातल्या वेळेच्या टंचाईत हा भाग शेवटच्या दोन तासांत कोंबला जातो, म्हणून तो सुट्टीत आधी वाचून ठेवावा.

वाचनाचं म्हणाल तर संकुलातच जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे. ओळखपत्र हाती आल्याआल्या तिथलं काम उरकून घ्या. मराठीत सुरुवातीला श्रीनिवास दीक्षितांचं ‘भारतीय तत्त्वज्ञान’ पुरेसं आहे. एखादी संज्ञा अडली तर मराठी विश्वकोश आंतरजालावर फुकट आहे. दे. द. वाडेकरांनी संपादित केलेला मराठी तत्त्वज्ञान महाकोश तीन खंडांत आहे आणि महादेवशास्त्री जोशींचा भारतीय संस्कृतिकोश दहा खंडांत. ते ग्रंथालयात बसूनच बघायचे. फोनवर सकाळी येणाऱ्या ‘बुद्ध म्हणतात’ छाप सुविचारांपासून मात्र सावध राहा. त्यातल्या पुष्कळ ओळींना पाली ग्रंथात जागाच सापडत नाही. खऱ्या वचनाला पत्ता असतो. पहिलं प्रवचन मानलं जाणारं धम्मचक्कप्पवत्तन सुत्त संयुत्तनिकायात ५६ व्या संयुत्तात अकरावं आहे, असा. पत्ता सापडला नाही तर वचन वहीत ठेवा, निबंधात नको.

शनिवार-रविवारी वर्ग नसेल तेव्हा डोळ्यांनी शिका. अंधेरी पूर्वेची महाकाली लेणी, म्हणजे कोंडिविटे, बसने गाठता येतात. तिथल्या चैत्यात स्तूपाभोवती गोल झोपडीसारखी दगडी खोली कोरली आहे. तशी रचना बिहारच्या बराबर लेण्यांची आठवण करून देते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. सोमवारी उद्यान बंद असतं, हे विसरून कित्येक जण दारातून परततात. कान्हेरीत मूर्तींच्या आधी पाण्याची टाकी आणि दानलेख बघा. कल्याण-सोपाऱ्याच्या दात्यांची नावं त्या लेखांत आहेत, आणि सर्वसंगपरित्यागी भिक्षूंचा संघ व्यापाऱ्यांच्या दानावर कसा उभा होता ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळतं. नव्वदाव्या लेण्यात इ. स. १००९ आणि १०२१ मधले पारशी प्रवाशांचे पहलवी लेख आहेत. जोगेश्वरी आणि बोरिवलीचं मंडपेश्वर ही शैव लेणी. मंडपेश्वरावर पोर्तुगिजांनी चर्च बांधलं होतं, त्याचे अवशेष अजून उभे आहेत. चिनी धर्माची वर्गातली माहिती कोरडी वाटली तर माझगावचं १९१९ सालचं सी युप कून मंदिर शोधा. छोटंसं आहे, क्वान कुंग या देवतेचं. मुंबईच्या चिनी खलाशांच्या आणि दुकानदारांच्या वस्तीची ती शिल्लक आहे.

जिथे पूजा चालू आहे तिथे विद्यार्थी म्हणून जाताना आधी परवानगी मागा. देरासरात चामड्याच्या वस्तू नेऊ नका, गुरुद्वारात डोकं झाका, विहारात वंदना चालू असताना फोन बाहेर काढू नका. पुजाऱ्याला किंवा भंतेंना ‘तुम्ही याचा अर्थ काय लावता’ असं विचारलं तर माणूस मोकळा होतो. ‘तुमच्या ग्रंथात तर वेगळंच लिहिलंय’ अशी सुरुवात केली की संभाषण तिथेच संपतं.

वर्गातही हाच नियम. तुमच्या बाकावर निवृत्त बँक अधिकारी असेल, पलीकडे विहाराचा कार्यकर्ता, मागे पर्युषणाचे उपवास करणाऱ्या मावशी. जातीचा, मांसाहाराचा, स्त्रियांच्या दीक्षेचा विषय निघेल आणि आवाज चढतील. ‘आमच्यात असं नसतं’ हे वाक्य तोंडात आलं, की त्याला पुढे शेपूट जोडा : आमच्या घरात, अमुक गावात, आजीच्या पिढीपासून. तेवढ्याने ते वाक्य वादाचं न राहता माहितीचं होतं, आणि शिक्षक ते फळ्यावरही घेतात.

विपश्यनेची पदविका निवडणाऱ्यांनी रजेचा हिशेब आधी करावा. दहा दिवसांचं निवासी शिबिर करावं लागतं. त्यात मौन असतं, फोन जमा होतो, मधून उठून येणं अपेक्षित नसतं. शिबिराचं शुल्क नसतं, ते जुन्या साधकांच्या दानावर चालतं, पण जागा लवकर भरतात. मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर नोंदणीच्या अर्जात ते लपवू नका आणि आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका. ध्यान करायचं मनात नसेल आणि फक्त अभ्यास हवा असेल, तर हा अभ्यासक्रम तुमचा नाही. पालीकडे किंवा जैनविद्येकडे वळा.

वर्ष संपताना चटक लागली असेल तर पुढची पायरी भाषेची. पालीला लिपीची अडचण नाही. विपश्यना विशोधन विन्यासाने अट्ठकथांसह, म्हणजे भाष्यांसह, त्रिपिटक देवनागरीत १४० खंडांत छापलं आहे. आधी धम्मपदाच्या ४२३ गाथा मराठी अनुवाद शेजारी ठेवून रोज पाच-पाच वाचा. मग दीघनिकायाचा पहिला खंड मागवा. त्यातलं पहिलंच सुत्त ब्रह्मजाल, आणि त्यात त्या काळी लोक जगाबद्दल आणि आत्म्याबद्दल काय काय म्हणत होते अशा बासष्ट मतांची नोंद आहे. ती वाचताना पेन्सिल हातात असू द्या.